माडिया पोरीचं गणित कुठं अडतं?

मी चंद्रपूरचा, बीटेक करून सध्या पुण्यात कोड लिहितो. आज बोलायचंय ते पहिली-दुसरीच्या वर्गाबद्दल.

2025 च्या एप्रिलमध्ये जीआर आला, पहिलीपासून हिंदी. राज्यभर रान पेटलं आणि जूनच्या शेवटी सरकारनं तो मागं घेतला. या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीतच धरली होती. पोराची पहिली भाषा मराठी, दुसरी इंग्रजी (ती 2000 पासून पहिलीलाच आहे), अन् आता ही तिसरी. एवढ्याशा जीवावर किती ओझं टाकायचं, एवढाच प्रश्न.

हा हिशोब भामरागडला लावून बघा. तिथलं माडिया पोरगं शाळेत येईस्तोवर घरी माडियाच बोलतं. माडिया ही गोंडीच्या घरातली, आणि गोंडी द्रविड कुळातली, म्हणजे मराठीपेक्षा तेलुगूच्या जवळची. गोंडीत दोन, तीन, चारला रंड, मूंड, नालुंग म्हणतात, पाण्याला येर. म्हणजे या पोरासाठी मराठी हीच परकी भाषा झाली. इंग्रजी तिसरी, हिंदी चौथी. खाली सिरोंच्याकडं गेलात तर घराघरांत तेलुगू. जिवतीच्या वादातल्या सीमेवरच्या गावांत तर महाराष्ट्राची मराठी शाळा अन् तेलंगणाची तेलुगू शाळा, दोन्ही आहेत. (आपण चंद्रपूरवाले तरी कुठं पुस्तकातली मराठी बोलतो म्हणा! झाडीबोलीत डोळ्याचा डोरा होतो. त्यावर कधीतरी वेगळा भाग करू.)

दोन वर्षांपूर्वी मित्रासोबत त्या भागातल्या एका शाळेत गेलो होतो. तिसरीतल्या एका पोरीला मी तोंडी उदाहरण घातलं. 45 आंबे होते, त्यापैकी 18 विकले, शिल्लक किती? तिनं लगेच पाटीवर 45 आणि 18 ची बेरीज मांडली. बाजूला बसलेल्या मोठ्या पोरानं तेच माडियात सांगितलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, बेरीज पुसली आणि 27 लिहिलं. गणित तिला येतच होतं. 'त्यापैकी' आणि 'शिल्लक' हे दोन शब्द येत नव्हते. परीक्षेत मात्र हे गणितातलं मागासलेपण म्हणून मोजलं जातं.

आता एका पोरीवरून सिद्धांत मांडू नये, मान्य. पण याच पोरी मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात घरच्यांसोबत 70 पानांचे पुडे बांधायला बसतात. मोजता येत नाही असं त्यांच्याबद्दल कोण म्हणेल?

शब्दांमुळं गणित अडतं हे आपल्या मराठी पोरांनाही लागू आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टसोबत 'साठ तीन' अशी वाचायची पद्धत आली, तेव्हा किती टिंगल झाली आठवतं? गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. मुद्दा साधा होता: लिहिताना 6 आधी अन् 3 नंतर, बोलताना मात्र तीन आधी. ज्याची मातृभाषा मराठी, त्यालाही हे उलटं पडतं. मग ज्याच्या घरात मराठीच नाही, त्याला 'एकोणसाठ' कसं वाटत असेल?

भाषा आणि अभ्यास यांच्या नात्यावर जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकानं 1979 च्या सुमारास एक फरक सांगितला. खेळताना, दुकानात बोलायची भाषा पोरं दोनेक वर्षांत उचलतात. पुस्तकातली, कारणं सांगायची, प्रश्न सोडवायची भाषा यायला पाच-सात वर्षं लागतात. सरांना वाटतं, पोरगं मराठी फडाफडा बोलतंय, मग अडचण काय? अडचण त्या मधल्या वर्षांत असते.

कॅमेरूनमध्ये 2007 च्या सुमारास कोम भाषेच्या भागात एक प्रयोग सुरू झाला. काही शाळांत पहिली तीन वर्षं कोममधून शिकवलं, बाकीच्यांत नेहमीसारखं इंग्रजीतून. कोममधून शिकलेली पोरं गणितातसुद्धा पुढं निघाली. नंतर सगळ्यांना इंग्रजीच आली, तेव्हा हा फायदा पाचवीपर्यंत टिकला, पण कमी झाला. हे मुद्दाम सांगतोय, कारण मातृभाषा म्हणजे जादूची कांडी नाही. पाया पक्का होतो, पण पुढची पायरी नीट घातली नाही तर तोही खचतो.

आता आईबाप काय म्हणतात? 'आम्हाले गोंडी येतेच, पोट्ट्याले इंग्रजी शिकवा.' त्यांचं चूक नाही. तहसीलमध्ये, दवाखान्यात, बँकेत गोंडी चालत नाही हे त्यांनी भोगलंय. इंग्रजी शिकवाच, गाणी, गोष्टी, बोलणं पहिलीपासून चालू द्या. पण इंग्रजी विषय असणं वेगळं आणि गणितच इंग्रजीतून शिकवणं वेगळं. माझ्याच धंद्याचं सांगतो. पायथॉनमध्ये राखीव इंग्रजी शब्द आहेत 35. ते आठवड्यात पाठ होतात. प्रॉब्लेम काय आहे ते समजणं, त्याचे तुकडे पाडणं, हे ज्याला लहानपणी स्वतःच्या भाषेत जमलं, त्याला पुढं कोडमध्ये जमतं.

कायदा यात आड येत नाही. राज्यघटनेत 350 क आहे, 1956 पासून: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी. आरटीईच्या कलम 29 मध्येही शक्य तिथवर मातृभाषा, असंच आहे. आणि तरी धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली, तेव्हा ती विनामान्यता म्हणून शिक्षण विभागाची नोटीस आली. गाव हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेलं.

कोणी म्हणेल, गोंडीत पुस्तकं कुठायत, लिपी कुठली? मसराम गोंडी लिपी 2017 मध्ये युनिकोडमध्ये आली, गुंजाला गोंडी 2018 मध्ये. देवनागरीतही गोंडी लिहिता येतेच, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर गोष्टी आहेत, मोबाईलवर फुकट उघडतात. पण पहिलीला आधी पुस्तक लागतच नाही. लागतो तो 'शिल्लक'ला माडियात काय म्हणायचं हे माहीत असलेला एक माणूस, रोज, वर्गात, पगारावर. त्या दिवशी ते काम शेजारी बसलेल्या मोठ्या पोरानं केलं, अन् त्याचा स्वतःचा धडा तेवढा वेळ तसाच पडून होता.