ताट झाकून बसलेल्या घरांसाठी



तरुणांचे मानसिक आरोग्य, व्यसने आणि त्यांत होरपळणारी कुटुंबे हा या परिषदेचा विषय पुण्याला नवा नाही. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, शिरला. पत्रकार अनिल अवचट त्याच्या आहारी गेलेल्या मुलांमध्ये जाऊन बसले, त्यांच्याशी बोलले आणि त्यांनी लेखमाला लिहिली. नशा न मिळाल्याने 'टर्की' लागली की अंग कसे मोडून निघते, पुडीच्या पैशांसाठी घरातली भांडीकुंडी कशी बाहेर जातात, हे मराठी वाचकाने त्या लेखांतून फार जवळून पाहिले. वाचणाऱ्यांत पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे होते. दोघे हळहळून थांबले नाहीत, त्यांनी देणगी देऊ केली. डॉ. अनिता अवचट तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. एका पत्रकाराची लेखणी, एका लेखकाची मिळकत आणि एका सरकारी डॉक्टरची चिकाटी अशी तिन्हींची गाठ पडली, हे या शहराचे भाग्यच.

मुक्तांगणात दोन गोष्टी वेगळ्या घडल्या, आणि त्या या परिषदेच्या गाभ्याशी आहेत. पहिली ही की बरे झालेल्या माणसांना तिथे समुपदेशनाच्या कामात घेतले गेले. जो स्वतः त्या गाळातून वर आला आहे, त्याच्यापुढे नव्याने आलेल्या मुलाला थापा मारता येत नाहीत आणि मान खाली घालावीही लागत नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. व्यसनी पुरुषांच्या बायकांसाठी अनिताताईंनी 'सहचरी' गट सुरू केला. तोवर या बायका नवऱ्याची फाइल घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या 'सोबतच्या बाई' होत्या. सहचरीत त्या स्वतःसाठी आल्या.

त्यांना स्वतःसाठी का यावे लागते, हे अशा घरात एक संध्याकाळ काढली तरी कळते. रात्रीचे अकरा वाजलेले असतात. मुलाचे ताट झाकून ठेवलेले असते. आई दर दहा मिनिटांनी खिडकीशी जाते, वडील टीव्हीकडे पाहत असतात पण पाहत नसतात. धाकटी बहीण पाकीट आणि कानातले उशीखाली ठेवून झोपते. सकाळी आई कॉलेजात फोन करून सांगते की त्याला ताप आहे. नातेवाइकांना सांगितले जाते की तो अभ्यासात आहे. लग्नकार्याला जाणे हळूहळू बंद होते. मुलगा अजून कोणत्याही उपचाराला तयार नसतो, पण त्या घरातल्या तिघांची झोप, पचन आणि आपसातले बोलणे आधीच बिघडलेले असते. त्यांच्यासाठी केस पेपर कुठे निघतो?

स्वागत समितीचे म्हणणे इथे स्पष्ट आहे. मुलगा दवाखान्यात यायला राजी होईपर्यंत घराने थांबायचे, ही रीत मोडली पाहिजे. घरच्यांची मदत त्याच्या होकारावर अवलंबून ठेवू नये. अमेरिकेतही दारू सोडू पाहणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना १९३५ मध्ये सुरू झाली. कुटुंबीयांची अल-ॲनॉन ही स्वतंत्र संघटना व्हायला १९५१ उजाडले. सोळा वर्षांचा तो उशीर आपल्या तालुक्यांत आजही चालूच आहे.

दवाखाने पुरे पडत नाहीत, हे सरकारी आकडेच सांगतात. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी एकाला कसलीतरी मदत मिळते, आणि दाखल होऊन उपचार मिळतात ते एकशे ऐंशी जणांतल्या एकाला. त्याच अहवालातली आणखी एक नोंद काळीज चिरणारी आहे. हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत जास्त आढळले. व्हाइटनर आणि पंक्चरचे सोल्युशन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, त्याला ना परवाना लागतो ना वय विचारले जाते. सगळा भार मानसोपचारतज्ज्ञांवर टाकला, तर त्यांच्या कितीही पिढ्या तयार केल्या तरी हे अंतर भरणार नाही.

मग कोण भरणार? उत्तर शेजारच्या गोव्यात तपासून पाहिले गेले आहे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेच्या सहकाऱ्यांनी, मानसिक आरोग्याचे कोणतेही आधीचे शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक पातळीवर दारू पिणाऱ्या पुरुषांशी ते जास्तीत जास्त चार बैठकांत बोलले. प्यायची तलफ कधी येते, कुणाबरोबर येते, पगाराच्या दिवशी काय करायचे, असे साधे, रोजचे बोलणे. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातले ३६ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले. नेहमीच्याच उपचारांवर असलेल्या गटात ते प्रमाण २६ टक्के होते. आकडा चमत्काराचा नाही. पण तो गावातल्या माणसांनी गावातल्या केंद्रात मिळवला आहे, म्हणून त्याचे मोल फार.

नाशिक जिल्ह्यातल्या 'आत्मीयता' प्रकल्पाने याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकले. गावातलीच विश्वासू माणसे निवडून त्यांना ऐकायला, दुःख ओळखायला आणि गरज पडली तर सरकारी योजनेचा अर्ज भरून द्यायला शिकवले. ही शेवटची गोष्ट अनेक तज्ज्ञांच्या नजरेतून सुटते. विधवा निवृत्तिवेतन अडकलेल्या बाईला समुपदेशनाआधी तो अर्ज मार्गी लागायला हवा असतो. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभे केलेले 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्रही डोळ्यांसमोर आहेच.

एका गोष्टीबद्दल मात्र कठोर बोलले पाहिजे. हतबल आईवडील पैसे मोजून मुलाला उचलून नेणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांच्या हवाली करतात. मग कुलूपबंद खोली आणि मारहाण. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था आजारात मोजल्या आहेत आणि साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे. अशी केंद्रे बंद पाडणे प्रशासनाचे काम आहे. आईवडिलांना तिथपर्यंत जाण्याची वेळच येऊ न देणे, हे इथे जमलेल्यांचे.

आणि उपचार झाल्यावर अनेकदा स्लिप होते, म्हणजे माणूस पुन्हा नशेकडे वळतो. स्लिप झाली की घरचे म्हणतात, सगळे वाया गेले. वाया जात नाही. मधुमेह पुन्हा वाढला तर डॉक्टर रुग्णाला हाकलत नाहीत, औषध बदलतात. हे घरच्यांना अगदी पहिल्या आठवड्यात सांगणारा कुणीतरी हवा, आणि तो पंचवीस किलोमीटरवर असून चालत नाही.

फोनची सोय आज आहे. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ वर मराठीतही बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. दोन्ही मोफत. पण क्रमांक शाळेच्या फळ्यावर, रेशन दुकानात, तालमीत आणि एसटी स्टँडवर लिहिलेला दिसत नाही तोवर तो कागदावरच राहतो.

दोन दिवस चर्चा होईल, निबंध वाचले जातील. स्वागत समितीची प्रत्येक प्रतिनिधीकडे एकच मागणी आहे. आपल्या तालुक्याच्या गावी शाळेची, समाजमंदिराची किंवा ग्रंथालयाची एक खोली आठवड्यातून एका संध्याकाळी फक्त कुटुंबीयांसाठी उघडी ठेवा. मुलगा येवो न येवो, त्याच्या आईला, बायकोला, बहिणीला तिथे येता यावे. परिषद संपायच्या आत वार आणि जागा नोंदणी कक्षात लिहून द्या.