पाल्याला कढ नको, झाकण हवं
(शताब्दी मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



दिंडीच्या परंपरेवर महाराज मंडळी बोललीच आहेत. मी चुलीपाशी वावरणारा माणूस. मला पहाटेच्या काढ्याविषयी बोलायला सांगितलंय, तेवढंच बोलतो.

सोलापूरहून पंढरपूर 70-75 किलोमीटर. लांबून येणाऱ्या पालख्यांच्या मानानं आपली वाट थोडकी. पण आषाढात दिवसभर उकाडा, मधेच सर येऊन जाते, आणि रात्री ओल्या सतरंजीवर पालात झोप. दुसऱ्या मुक्कामाला घसे बसायला लागतात. टाळकऱ्याचा घसा बसला की भजनच बसलं. म्हणून काकड्याच्या आधी पातेलं चढतं.

आता होतं काय, की पातेलं एकदा चढलं की उतरतच नाही. पहाटे 3 ला टाकलेला गवती चहा 5 वाजेपर्यंत खळाखळा उकळतोय. सगळ्या पालांत घमघमाट सुटतो, अन् लोक म्हणतात, काय झकास काढा झालाय! अहो, वास बाहेर पसरला म्हणजे तो पेल्यात राहिला नाही. पाल्याचं सत्त्व त्याच्या वासाच्या तेलात असतं, ते वाफेबरोबर निघून जातं. मागं राहतं ते कडवट हिरवं पाणी. मग ते गोड करायला गुळाची ढेप फोडायची!

जुन्या वैद्यांनी हे वेगळं करून ठेवलंय. शारंगधर संहितेत क्वाथ निराळा आणि फांट निराळा. क्वाथ म्हणजे मंद आचेवर आटवायचा, फांट म्हणजे गरम पाण्यात भिजवून गाळायचा. सुंठ, ज्येष्ठमध, दालचिनी ही कठीण जात. तिला कुटून मंद कढवावं लागतं. तुळस, गवती चहा ही कोवळी जात. तिला कढ सोसत नाही.

आपल्या राहुटीत आता असं करायचं. शंभर माणसांना 10 लिटर पाणी धरा. वाटेवरचं पाणी टँकरचं असतं, म्हणून आधी ते चांगलं खळखळ उकळू द्या. त्यात हयगय नाही. मग 50 ग्रॅम सुंठ ठेचून टाका, थोडी दालचिनी, आणि मंद जाळावर 15-20 मिनिटं ठेवा. जाळ बंद केल्यावर गवती चहाच्या दोन जुड्या कापून टाका, दोन ओंजळी तुळस टाका आणि घट्ट झाकण. 10 मिनिटं कुणी उघडायचं नाही. उघडून वास घेणारे असतात, त्यांना आधी लांब बसवा. मग गूळ विरघळवा आणि पंच्यानं गाळा.

तुळशीबद्दल काही मायबाई विचारतात, गळ्यात जिची माळ तिला चुलीवर कसं घालायचं? त्यांचं मन मोडू नये. त्यांच्यापुरती दुसरी किटली ठेवावी, नुसत्या गवती चहाची. आणि डोक्यावरच्या वृंदावनातलं पान कुणी खुडायचं नाही, द्वादशीला तर कुठलंच नाही. निघायच्या आदल्या दिवशी घरच्या कुंडीतली पानं आणावीत, ओल्या फडक्यात ती टिकतात.

2020 साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपुरी आल्या. त्या साली आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्या म्हणून सांगितलं होतं. लोकांनी चार-पाचदा घेतला, मिरी मुठीनं टाकली, आणि मग छातीत जळजळ, तोंड आलं म्हणून बसले. काढा काही वाईट नव्हता, हात सैल होता.

आता जरा नीट ऐका. ज्येष्ठमध घशाला चांगला, पण रोज घेतला तर ब्लडप्रेशर वाढवतो. गोळी चालू असलेल्यांनी तो टाळावा. म्हणून तो मोठ्या पातेल्यात पडत नाही. अडुळसा बांधावर फुकट मिळतो, पण गरोदर बाईला द्यायचा नाही. साखरेचा आजार असलेल्यांचा पेला गुळाआधी काढून ठेवायचा.

आणि जुलाब लागले तर काढा नकोच. तिथं जलसंजीवनी. उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, छोट्या चमच्यानं. घोट घोट पाजत राहायचं. आपल्या म्हाताऱ्या मंडळींची एक खोड आहे. ताप लपवतात. डॉक्टरला दाखवलं तर गाडीत बसवतील, पायी वारी चुकेल, म्हणून काढ्यावर काढा पितात आणि चालत राहतात. शेजारी चालणाऱ्यानं त्यांच्या कपाळाला हात लावून बघावा. अंग तापलं असेल तर सरळ आरोग्य पथकाकडं न्यावं. रुसले तर रुसू द्या.

यंदा सुंठ मी आणतो. गवती चहा ज्यांच्या दारात आहे त्यांनी नावं विणेकऱ्यांपाशी द्यावीत. आणि पातेल्याचं झाकण मागल्या खेपेसारखं भाकरी ठेवायला कुणी नेऊ नका.

रामकृष्ण हरी!