लिटल रॉकचे साप्ताहिक

अमेरिकेतल्या लिटल रॉकचं नाव निघालं की १९५७ साल आठवतं. सेंट्रल हायस्कूलात नऊ कृष्णवर्णीय मुलांना पाऊल ठेवता यावं म्हणून अध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर धाडावं लागलं. त्या मुलांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या डेझी बेट्स जगभर गाजल्या. त्यांचे यजमान एल. सी. बेट्स मात्र फारसे कुणाला ठाऊक नाहीत.

एल. सी. विमा विकून पोट भरत, पण जीव वर्तमानपत्रात अडकलेला. १९४१ साली गाठीचे पैसे घालून त्यांनी छापखाना भाड्यानं घेतला आणि ‘आर्कान्सा स्टेट प्रेस’ हे साप्ताहिक काढलं. पुढच्याच वर्षी नाइन्थ स्ट्रीटवर एका गोऱ्या पोलिसानं थॉमस फॉस्टर या कृष्णवर्णीय सार्जंटला गोळ्या घालून मारलं. साप्ताहिकानं प्रकरण लावून धरलं, तशा गोऱ्या व्यापाऱ्यांनी जाहिराती काढून घेतल्या. एल. सी. बधले नाहीत. त्याच वर्षी त्या वस्तीत गस्तीला कृष्णवर्णीय पोलीस नेमले गेले.

१९४६ची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. सरकीच्या तेलाच्या गिरणीत संप होता. एक संपकरी मारला गेला. मारणारा मोकळा सुटला आणि संपकऱ्यांनाच वर्षाची शिक्षा झाली. ज्युरी वेचून आणलेली होती, असं साप्ताहिकानं सरळ मथळ्यातच छापलं. झाला कोर्टाचा अवमान! नवरा-बायको दोघांनाही दहा दिवस कैद आणि शंभर डॉलर दंड. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा पुढं रद्द केली. मला विचाराल तर १९५७चं धैर्य या सोळा वर्षांच्या अंकांतून आलं होतं.

१९५७च्या ऑगस्टात बेट्स यांच्या घराची काच फोडून दगड आत आला. सोबत चिठ्ठी: या खेपेला दगड, पुढच्या खेपेला डायनामाइट. सुरुंग काही साप्ताहिकाला लागला नाही. त्याचा जीव घेतला तो जाहिरातींनीच. मुलांची बाजू सोडायची नाही म्हटल्यावर एकेक जाहिरातदार गळाला, विक्रेत्यांनाही धमक्या आल्या. १९५९च्या ऑक्टोबरात शेवटचा अंक निघाला.

एल. सी. मग नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेच्या कामाला लागले. १९८० साली ते वारले. चार वर्षांनी डेझीबाईंनी त्याच नावानं साप्ताहिक पुन्हा सुरू केलं.