जुन्या होडीची निगा

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या तयारीसाठीं भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या सभेपुढें देवळाच्या दुरुस्तीचा प्रश्न आहे. त्याविषयीं तीन निरनिराळीं मतें आमच्या कानीं आलीं आहेत. कित्येकांचें म्हणणें असें कीं, जुनें देऊळ पाडून महोत्सवाच्या निमित्तानें नवें बांधावें. कित्येकांस दर्शनी भिंतीस गुळगुळीत फरशा बसवून ती शोभिवंत करावी असें वाटतें. आणि आपल्यांतील कांहीं वृद्ध मंडळी एकाही दगडास हात लावूं देण्यास तयार नाहींत. निर्णय मंडळ करील. तत्पूर्वीं एका निराळ्याच वस्तूविषयीं आम्ही बोलणार आहों. ती वस्तु म्हणजे शिडाची जुनी होडी.

वाशीम जिल्ह्यांत होडीचें काय काम, असें आपण म्हणाल. आपली पैनगंगा उन्हाळ्यांत गुडघ्याइतकीहि राहत नाहीं, आणि तिचें पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेनें शेवटीं जातें तें पूर्वसमुद्रास. तथापि होडी आपणांस अगदींच परकी नाहीं. लॅटिन भाषेंत तारवास 'नाविस' म्हणतात, आणि देवळाच्या ज्या मधल्या दालनांत आपण मिस्सेस बसतां त्याचें युरोपीय भाषांतील नांव ह्याच शब्दावरून आलें आहे. वर दृष्टि टाकावी. उपडी घातलेली होडी आंतून जशी दिसेल तसेंच आपलें छप्पर दिसतें. शिवाय आमचें बालपण वसईच्या किनाऱ्यावर गेलें. तेथील ख्रिस्ती कोळी बांधव जुन्या होड्या कशा राखीत, हें आम्हीं वर्षानुवर्षें जवळून पाहिलें आहे. त्या काळीं पुष्कळ होड्यांत यंत्र आलें होतें, पण शीड गेलें नव्हतें.

होडीस पाण्यापासून भय असतें, अशी आपली समजूत असेल. आहे खरें, पण कोणत्या पाण्यापासून? खारें पाणी लाकूड कुजूं देत नाहीं, किंबहुना तें त्यास राखतें. होडी कुजते ती वरून पडणाऱ्या पावसाच्या गोड्या पाण्यानें. जेथें फळीचें टोंक तुळवटास मिळतें, जेथें डोलकाठी तक्तपोशींतून खालीं उतरते, जेथें वारा पोंचत नाहीं, अशा कोपऱ्यांत तें पाणी साचतें आणि आंतल्या आंत लाकडाचा भुगा करितें. बाहेरून रंग चकचकीत असतो. म्हणून जाणता सुतार होडीपाशीं आला म्हणजे प्रथम रंगाकडे पाहत नाहीं; तो लहानशी हातोडी घेऊन एकेक फळी वाजवीत जातो. निरोगी लाकूड टणक नाद देतें, कुजकें लाकूड भद्द वाजतें. संशय आला कीं चाकूचें टोंक रुतवून पाहावयाचें. हें काम कंटाळवाणें असून तें पाहावयास गर्दी जमत नाहीं.

पावसाळ्याच्या आरंभीं होड्या वाळूवर ओढून ठेवीत. त्यांतहि एक शास्त्र आहे. होडीचा तळाचा मुख्य तुळवट, ज्यास दर्यावर्दी लोक पठाण म्हणतात, त्याखालीं जागोजाग ओंडके द्यावे लागतात. केवळ मध्यावर आधार दिला तर दोन्ही टोंकें स्वतःच्या भारानें खालीं लवतात आणि होडीच्या पाठीस कुबड येतें; तें पुढें कोणत्याहि सुताराच्यानें निघत नाहीं. वरून झावळ्यांचें छप्पर घालीत, पण बाजू उघड्या ठेवीत. वारा खेळला पाहिजे.

आतां सांध्यांविषयीं, येथें आपल्या वऱ्हाडचा संबंध येतो. फळ्याफळ्यांमधील फटींत कापूस भरतात. त्याचा सैल पीळ घेऊन तो बोथट पटाशीनें व लाकडी हातोड्यानें फटींत ठासावयाचा, आणि वरून तेलांत उकळलेली राळ किंवा जवसाच्या तेलांत मळलेलें लुकण लावावयाचें. कापूस व जवस हीं दोन्ही आपल्या काळ्या जमिनीचीं पिकें. आज आपल्या शेतांतून सोयाबीनचें राज्य असलें, तरी वऱ्हाडचा कापूस एके काळीं रेल्वेनें मुंबईच्या बंदरीं जात असे. त्यांतील एखादें बोंड कोणा होडीच्या फटींत जाऊन बसलें नसेल असें कोण म्हणेल?

ह्या ठासण्यांत मोठी युक्ति आहे. होडी महिनोगणती कोरड्यांत राहिली कीं फळ्या आकसतात व फटी रुंद होतात. नवशिक्या मनुष्य त्या रुंद फटी पाहून घाबरतो आणि मिळेल तितका कापूस जोरानें कोंबतो. मग होडी पाण्यांत लोटली म्हणजे लाकूड पाणी पिऊन फुगतें, फळ्यांस फुगावयास जागा राहत नाहीं, आणि त्या आपल्या बळानें खिळे उपटून काढतात. फासळ्यांचीहि नासाडी होते. म्हणून जाणता सुतार कापूस बेताचा ठासतो, आणि पहिले एकदोन दिवस होडींत पाणी येणार हें धरून चालतो. तें पाणी उपसावयाचें आणि वाट पाहावयाची. लाकूड फुगलें कीं पाणी आपोआप थांबतें. आम्हांस ह्या सर्व विद्येंत हीच गोष्ट सर्वांत कठीण वाटते.

तळास मुशीच्या यकृताचें तेल चोपडीत. त्याची दुर्गंधी ज्यानें एकदां घेतली तो ती जन्मांत विसरणार नाहीं. हा सगळा खटाटोप समुद्रांतील लाकूड पोखरणाऱ्या प्राण्यासाठीं. दिसतो अळीसारखा, पण तो शिंपल्यांच्या जातींतला आहे. फळीवर बाहेरून टांचणीएवढें छिद्र दिसतें आणि आंत सबंध फळीची चाळण झालेली असते.

कुजकी फळी सांपडली तर ती काढून नवी घालावी, हें उघड आहे. परंतु शेजारशेजारच्या चार फळ्या एकदम काढूं नयेत. एक काढावी, नवी बसवावी, फासळीस पक्की करावी, मगच दुसरीस हात घालावा. नाहीं तर होडीचा घाट जातो, आणि एकदां गेलेला घाट पुन्हां येत नाहीं. फासळी मोडली असेल तर सरळ लाकूड कापून वांकडें करूं नये. तसें केल्यास रेषा आडव्या तुटतात व तुकडा बाकावर फाटतो. त्यासाठीं सुतार निसर्गतःच वांकडें वाढलेलें लाकूड शोधीत फिरतो. बाभळीचें ह्या कामीं फार चालतें. आपल्या बांधावरची जी वांकडी बाभूळ आपण सरपणावांचून कशाच्या कामाची समजत नाहीं, तिच्यासाठीं होडीचा सुतार कोस दोन कोस चालत जाईल.

असें करीत करीत होडी किती काळ टिकते? ह्याचें एक मोठें उदाहरण आपल्या मुंबईंतलें आहे. मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया ह्या पारशी कारागिराच्या हाताखालीं 'त्रिंकोमाली' नांवाची शिडाची युद्धनौका बांधली गेली, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ती पाण्यांत उतरली. इंग्लंडांत त्या वेळीं ओक लाकडाची टंचाई होती, म्हणून ती सागवानाची केली. तिचे नकाशे इंग्लंडाहून प्रथम ज्या 'जावा' जहाजांतून निघाले, तें जहाज १८१२ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' नौकेनें लढाईंत नष्ट केलें. मग नकाशांची दुसरी प्रत धाडावी लागली. पुढें १८९७ सालीं 'त्रिंकोमाली' मोडींत विकली गेली, तेव्हां एका गृहस्थानें तिला वांचविलें, आणि दुसऱ्या नांवानें ती अनेक वर्षें मुलांच्या शिक्षणाची नौका झाली. १९९० पासून २००१ पर्यंत इंग्लंडांत हार्टलपूल येथें तिची दुरुस्ती झाली. एवढें करूनहि तिचें अर्ध्याहून अधिक लाकूड मूळचेंच राहिलें आहे आणि ती आजहि पाण्यावर तरंगत आहे. गंमत अशी कीं, तिचे नकाशे बुडविणारी 'कॉन्स्टिट्यूशन', जी १७९७ सालीं पाण्यांत उतरली, तीहि बॉस्टनच्या बंदरांत तरंगत आहे. मात्र तिचें बहुतेक लाकूड बदललेलें आहे.

पण युद्धनौकांच्या पाठीशीं राजसत्ता किंवा सबंध नगर उभें असतें. आपल्यासारख्या गरिबांच्या धर्मग्रामास दुसरें एक उदाहरण अधिक लागू पडेल. १९८६ सालीं अवर्षणामुळें गालील सरोवराचें पाणी मागें हटलें असतां कांठच्या दोघां कोळी भावांस चिखलांत रुतलेली एक होडी आढळली. लांबी सुमारें सत्तावीस फूट, रुंदी साडेसात फूट. परीक्षेअंतीं ती इसवी सनाच्या आगेंमागें शंभर वर्षांच्या अवधींतील ठरली. ती प्रभूच्या शिष्यांची होती असें कोणी म्हणूं नये. तसा कांहीं पुरावा नाहीं. परंतु शिमोन पेत्राची होडी, जींत बसून प्रभूनें लोकांस उपदेश केला, ती साधारण अशीच असावी.

ह्या होडींत दहांहून अधिक जातींचें लाकूड निघालें. मुख्य फळ्या देवदाराच्या, फासळ्या बहुतांशीं ओकच्या. बाकी ठिगळें मिळेल त्या झाडाचीं, त्यांत आपल्या बोरीच्या जातकुळीचें लाकूडसुद्धां! कांहीं तुकडे तर दुसऱ्या मोडक्या होडीचे काढून बसविलेले. मालकापाशीं पैसा नव्हता हें स्पष्ट दिसतें, पण त्याचा सुतार हुशार होता. ती पुन्हां पुन्हां दुरुस्त झाली, आणि अगदींच निकामी झाली तेव्हां तिचे उपयोगी भाग काढून घेऊन सांगाडा पाण्यांत ढकलून दिला. म्हणजे केव्हां थांबावयाचें, हेंहि त्या लोकांस ठाऊक होतें. आमच्या वृद्ध बांधवांनीं ह्याचा विचार करावा. जें लाकूड गेलें तें गेलें. तें देवळांत आहे म्हणून पवित्र ठरून छप्पर उचलून धरणार नाहीं.

आतां सुधारणेविषयीं. जुन्या वस्तूंत नवें घालूं नये असें आमचें मत मुळींच नाहीं. कोळ्यांनीं शिडाच्या होडींत यंत्र घातलें, तें योग्यच केलें. परंतु जी होडी वाऱ्यासाठीं बांधली, तिच्यांत यंत्र नुसतें ठेवून चालत नाहीं. त्याचा भार एके ठिकाणीं पडतो आणि थरथरीनें सांधे सैल होतात. त्याची बैठक लांब तुळयांवर घेऊन भार पुष्कळ फासळ्यांत वांटावा लागतो. आपण देवळांत विजेचे पंखे टांगले, कर्णे लावले. त्यांचा भार कोणत्या तुळईवर आहे, हें कोणी पाहिलें आहे काय?

दुसरी गोष्ट ह्याहून नाजूक आहे. १७६१ सालीं इंग्रजांच्या आरमारानें 'अलार्म' नांवाच्या नौकेच्या तळास किड्यापासून बचावासाठीं तांब्याचे पत्रे ठोकले. युक्ति उत्तम होती, किडा हटला. परंतु दोन वर्षांनीं तपासणी करितां असें दिसलें कीं, तांब्याशीं लागलेले लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यांत झिजून गेले होते. जेथें पत्रा व खिळा यांच्यामध्यें चुकून वेष्टनाचा कागद राहिला होता, तेथील खिळे मात्र शाबूत! तांबें चांगलें, लोखंडहि चांगलें. परंतु त्यांचा एकमेकांशीं मेळ आहे कीं नाहीं हें आधीं कोणी पाहिलें नव्हतें. अलीकडे कांहीं लोक जुन्या लाकडी होडीवर रासायनिक रसांत भिजविलेलें कांचतंतूंचें कापड चढवितात. ओल्या लाकडावर तें बसविलें तर आंतली ओल आंतच कोंडते. बाहेर कवच नव्यासारखें दिसतें आणि आंत लाकूड कुजत जातें.

आपल्या देवळाच्या भिंती दगडाच्या असून दर्जा चुन्याच्या आहेत. चुना ओल घेतो आणि बाहेर टाकतो. त्यावर सिमेंट थापून वरून गुळगुळीत फरशा बसविल्या तर ओल कोठें जाईल, ह्याचें उत्तर दर्शनी भिंत शोभिवंत करूं पाहणाऱ्या बांधवांनीं मंडळास द्यावें. आमच्या मतें पैशाचा पहिला वांटा मंगळुरी कौलांस व पन्हळींस जावा, दुसरा तुळयांच्या भिंतींत गेलेल्या टोंकांस. रंगाचें पुढें पाहतां येईल. पाडण्याचा विचार तुळया वाजवून पाहिल्यावांचून करूं नये, आणि न पाडण्याचाहि करूं नये.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायांत संत पौलाचें तारूं वादळांत सांपडलें असतां खलाशांनीं त्याच्या तळाखालून दोर घेऊन तें आवळून बांधल्याचें सांगितलें आहे. वादळांत तेवढेंच करितां येतें. आपणांपुढें अजून पंधरावीस कोरडे दिवस आहेत.

सुतारास आम्हीं येत्या सोमवारीं सकाळच्या मिस्सेनंतर बोलाविलें आहे. तो छपरांत चढून प्रत्येक तुळई वाजवील, आणि जी भद्द वाजेल तिजवर गेरूची खूण करील. मंडळाच्या सभासदांनीं खालीं उभें न राहतां त्याजबरोबर वर यावें. दोन मजबूत शिड्या व एक चांगली विजेची बत्ती हवी आहे; ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं रविवारीं संध्याकाळपर्यंत देवळांत आणून ठेवाव्या.