आकडा पिनांचा आहे, भोकांचा नाही: यादीत नसलेल्या सॉकेटवर लिक्विड कूलर

(एपिसोडचं शब्दांकन. बोलताना जशी भाषा आली तशीच ठेवली आहे, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.)

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. कूलरच्या खोक्यावर सॉकेटची यादी असते, माझ्या बोर्डचा सॉकेट त्यात नाही, मग तो कूलर बसेल का? दुकानदार एका शब्दात "नाही" म्हणून मोकळा होतो. इंटरनेटवर एकजण "बिनधास्त बसव" म्हणतो आणि दुसरा "बोर्ड जळेल" म्हणतो. आज त्यावर जरा निवांत बोलू.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू. इंटेलच्या सॉकेटच्या नावात जो आकडा असतो, ११५१, १२००, १७००, तो पिनांचा आकडा आहे. कूलरला पिनांशी काही देणंघेणं नाही. कूलरला बोर्डवरची चार भोकं दिसतात. २००९ साली एलजीए ११५६ आला, मग ११५५, ११५०, ११५१ आणि २०२० मध्ये १२००. पाच वेगवेगळी नावं, पण भोकांचं अंतर सगळीकडे तेच, ७५ मिलीमीटरचा चौकोन. २०२१ च्या शेवटी १७०० आला आणि ते ७८ झालं. आपल्याकडचे फॅब्रिकेशनवाले ज्याला एक सूत म्हणतात तेवढाच फरक, पण त्या एका सुताने किती कूलर कपाटात पडून राहिले! पुढे १८५१ आला तेव्हा नाव बदललं आणि अंतर ७८ च राहिलं. एएमडीचंही तसंच. एएम४ आणि एएम५ मध्ये प्रोसेसर एकमेकांच्या जागी बसत नाहीत, पण कूलरची भोकं दोन्हीकडे ५४ बाय ९०. तिथे अडचण मागच्या बाजूला येते. एएम५ ची मागची प्लेट सॉकेटच्याच स्क्रूंनी धरलेली असते, त्यामुळे स्वतःची प्लेट मागून लावणारा कूलर तिथे अडतो.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त फसवं आहे. नाव एक, भोकं दोन प्रकारची. एलजीए २०११ घ्या. डेस्कटॉपच्या बोर्डवर तो ८० बाय ८० चा चौकोन असतो. सर्व्हरच्या बऱ्याच बोर्डांवर त्याच सॉकेटची अरुंद आवृत्ती असते, ५६ बाय ९४. खोक्यावर "२०११ चालेल" लिहिलेलं असलं तरी दुसऱ्या प्रकारावर तो कूलर बसणार नाही. म्हणून यादी वाचण्याआधी मोजा.

मी हे आत्ता का बोलतोय, तर धुळ्याच्या माझ्या मामेभावामुळे. तो लग्नाचे व्हिडिओ करतो. सकाळी हळद आणि संध्याकाळी रिसेप्शनला स्क्रीनवर तीन मिनिटांची फिल्म, ज्याला सेम डे एडिट म्हणतात. त्यासाठी तो अख्खं कॅबिनेट गाडीत घालून हॉलवर नेतो. मशीन म्हणजे एक्स९९ चा चिनी बोर्ड आणि त्यावर सर्व्हरमधून निघालेला जुना झिऑन, ई५-२६८० व्ही४. चौदा कोअर, १२० वॅट. सेकंडहँड बाजारात एवढ्या पैशात एवढे कोअर दुसरीकडे कुठे मिळत नाहीत, म्हणून लहान गावांतल्या कितीतरी स्टुडिओंमध्ये हेच चालतं. त्याचा स्वस्तातला एअर कूलर एप्रिलमध्येच हात टेकायचा. रेंडर लावला की तापमान नव्वदीत, मग प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, आणि तिकडे पाहुणे जेवायला बसलेले. मोठा टॉवर कूलर का नाही घेतला? त्याच्या बोर्डवर सॉकेटच्या दोन्ही बाजूंना रॅम आहे, टॉवर त्यावर आडवा येतो. शिवाय धुळे ते जळगाव रस्त्यावर गाडीत हेलकावे खाणारं किलोभर धातू बोर्डवर लटकवायचं, हे मला पटत नव्हतं. टेबलावरून न हलणारं मशीन असेल तर मात्र मी आजही सांगेन, १२० वॅटला चांगला एअर कूलर पुरतो, लिक्विडच्या नादी लागू नका.

तर एका मित्राकडून त्याला २४० मिलीमीटरचा लिक्विड कूलर अर्ध्या किमतीत मिळाला. खोक्यावरची यादी ११५० पासून १७०० पर्यंत, मग एएम४, एएम५. २०११ चं नाव नाही. तो मला म्हणाला, "दादा, केबल टायनी बांधू. हुई जाई." मी म्हटलं, थांब.

यादीत नाव नसण्याची कारणं वेगवेगळी असतात. कधी फक्त पट्ट्या आणि स्क्रू खोक्यात दिलेले नसतात, कारण तो सॉकेट आता विकला जात नाही. कधी पंपाखालची तांब्याची प्लेटच लहान पडते. २०१७ मध्ये थ्रेडरिपर आला तेव्हा एएमडीने प्रोसेसरच्या खोक्यातच असेटेकच्या पंपांसाठी ब्रॅकेट दिलं होतं. पंप बसायचा, पण ती गोल प्लेट त्या अवाढव्य प्रोसेसरला पूर्ण झाकायची नाही. आणि कधी उंचीचा घोळ असतो. १७०० वर प्रोसेसर आधीच्यापेक्षा मिलीमीटरभराने का होईना खाली बसतो, म्हणून ११५१ चे स्क्रू भोकांत कसेबसे गेले तरी दाब पुरेसा येत नाही. पहिलं कारण असेल तर काम होतं. दुसरं असेल तर सोडून द्या. तिसरं असेल तर मोजमाप करून ठरवा.

मोजायचं कसं? व्हर्नियर कॅलिपर घ्या. भोकाचा मध्य डोळ्याने धरता येत नाही, म्हणून दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून एका भोकाचा व्यास वजा करा. मिळालं मध्य ते मध्य. उभं, आडवं, दोन्ही घ्या, कारण ८० बाय ८० आहे की ५६ बाय ९४ हे तिथेच कळतं. व्हर्नियर नसेल तर भोकांवर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटतो.

मामेभावाच्या बोर्डवर ८० बाय ८० निघालं. २०११ ची एक सोय म्हणजे सॉकेटच्या लोखंडी चौकटीतच एम४ चे आटे असतात, मागे वेगळी प्लेट लागत नाही. कूलरसोबत आलेली प्लास्टिकची मागची प्लेट इथे बिनकामाची. मग उरल्या पट्ट्या. या कूलरला पंपाच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या येतात आणि त्यांची टोकं ७८ ला संपतात. पाहिजे ८०.

इथे लोक घाईत चुकतात. दोन मिलीमीटर म्हणजे पट्टी दोन मिलीमीटर लांब करायची, असं वाटतं. तसं नाही. चौकोन दोन्ही दिशांना वाढलाय. प्रत्येक भोक एक मिलीमीटर आडवं आणि एक मिलीमीटर बाहेर, म्हणजे कर्णाच्या रेषेत साधारण १.४ मिलीमीटर सरकलं पाहिजे. फक्त लांबी वाढवली तर दोन पट्ट्यांमधलं अंतर ७८ च राहतं, स्क्रू तिरके जातात आणि आटे खाऊन टाकतात. सॉकेटचे आटे गेले की बोर्ड गेलाच म्हणायचा.

कानस घेऊन मूळ पट्टीची खाच वाढवता आली असती. मी नको म्हटलं. भोकाबाहेर धातू फार कमी उरत होता, आणि मूळ पट्ट्या शाबूत असल्या तर उद्या हाच कूलर दुसऱ्या मशीनवर जाऊ शकतो. जळगाव एमआयडीसीत पाइप आणि ठिबकच्या कारखान्यांभोवती लेथ आणि फॅब्रिकेशनची पुष्कळ दुकानं आहेत. एकाकडे मूळ पट्टी नमुना म्हणून दिली. दोन मिलीमीटर जाडीचं लोखंड, पंपाकडची भोकं जशीच्या तशी, टोकाची नवीन जागी आणि ४.५ मिलीमीटरची, म्हणजे एम४ बोल्ट जरा खेळता राहतो. त्या काकांना मिलीमीटरमध्ये लिहून दिलं, सुतात बोललो असतो तर संपलंच होतं! कडा घासून गुळगुळीत करून घेतल्या, कारण लोखंडाचा एक कीस बोर्डवर पडला तर पुढचं सगळं व्यर्थ. आणि जे काही ड्रिल करायचं ते पट्टीत. बोर्डला ड्रिल लावायचा विचारही करू नका, आत तांब्याच्या रेषांचे थर असतात.

हे सगळं करण्याआधी एक सोपा मार्ग तपासा. २०६६ सॉकेटची बैठक २०११ सारखीच आहे, त्यामुळे तुमच्या कंपनीचं २०६६ साठीचं किट वेगळं मिळत असेल तर तेच घ्या. ऑस्ट्रियाची नॉक्टुआ तर एअर कूलरच्या जुन्या ग्राहकांना नव्या सॉकेटची किट बिल दाखवल्यावर फुकट देत आली आहे. आमच्या कूलरचं तसं काही मिळालं नाही.

बसवताना आधी पेस्ट न लावता, पंप न ठेवता, चारही एम४ बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून पाहिले. पाच आटे बोटांनी गेले पाहिजेत. अडला तर पाना लावायचा नाही, बोल्ट चुकीचा आहे. लांबीही महत्त्वाची. बोल्ट लांब असेल तर तळाला टेकतो आणि "घट्ट झालं" असं वाटतं, पण पंप प्रोसेसरवर नुसता टेकलेला असतो. म्हणून स्प्रिंग ठेवली, आणि एकदा ठशाची चाचणी केली. पातळ पेस्ट लावायची, समोरासमोरच्या कोपऱ्यांचे बोल्ट पाव-पाव फेरा आळीपाळीने आवळायचे, आणि परत काढून बघायचं. पहिल्या वेळी एका कोपऱ्यात पेस्ट जाडच राहिली होती. तिथे पट्टी किंचित वाकडी होती. लेथवाल्या काकांनी दोन मिनिटांत सरळ करून दिली, दुसरा ठसा सगळीकडे सारखा आला. हा अर्धा तास वाचवू नका. तापमानाचा आकडा "जास्त" एवढंच सांगतो, कुठला कोपरा उचललाय ते ठसा सांगतो.

रेडिएटर वर, कॅबिनेटच्या छताला. आतली हवा सर्वात उंच जागी जमते, ती जागा पंप असता कामा नये.

आता उन्हाचं. खान्देशात कूलर म्हटलं की आपल्याला वाळ्याचा, पाणी टाकायचा कूलर आठवतो. तो पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, म्हणून बाहेरच्यापेक्षा थंड हवा देतो. लिक्विड कूलरमधलं पाणी बंद नळीत फिरतं, बाष्पीभवन नाही. त्यामुळे ते खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही. मे महिन्यात खोली ४१ वर असेल तर हिशोब ४१ पासून सुरू. मामेभावाचं मशीन त्या खोलीत पूर्ण रेंडरला सत्तरीच्या थोडं वर स्थिरावलं, वेग कमी न करता. वाळ्याचा कूलर लावून खोली आठ अंशांनी उतरली, तर प्रोसेसरही साधारण तेवढाच उतरतो. मला विचारलं होतं की दमट हवेने आत दव धरेल का. नाही धरणार, कारण आतली एकही गोष्ट खोलीपेक्षा थंड नाही. पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. त्यातून तुषार येतात, आणि आपल्या पाण्यातले क्षार पांढरे डाग होऊन बोर्डवर बसतात.

आणि जिनिंगच्या आसपास राहत असाल तर कापसाचा भुसा रेडिएटरच्या पात्यांत अडकतो. सीझनमध्ये पंधरा दिवसांनी ब्लोअर मारा, पंखा हाताने धरून, नाहीतर तो हवेने भन्नाट फिरतो. हॉलवर नेऊन आणल्यावर चारही बोल्ट एकदा बोटाने तपासायचे, हे मामेभावाने स्वतःच कॅबिनेटच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवलंय.

तुमच्या बोर्डचं माप कळवायचं असेल तर सॉकेटचं नाव नको, उभं आणि आडवं अंतर पाठवा, आणि मागच्या बाजूचा एक फोटो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.