महाविद्यालयात प्रवेश करणाऱ्या बौद्ध तरुणांस

(वर्षावासाच्या काळात विहारात भरलेल्या पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या सभेतील भाषण)



आपल्यापैकी पुष्कळ घरांतून यंदा पहिल्यानेच एखादा मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयाची पायरी चढत आहे. ज्या घरात धम्मदीक्षेला अद्याप दोन-चार वर्षेही झालेली नाहीत, त्या घरात धर्मही नवा आणि विद्येचे क्षेत्रही नवे, असा हा प्रसंग आहे. आईबापांना आनंद आहे. परंतु त्या आनंदाच्या पोटात एक भीतीही आहे. परक्या शहरात, परक्या मुलांत आपले मूल 'मी बौद्ध आहे' असे सांगेल काय? सांगितल्यास त्याला त्रास होईल काय? आणि न सांगता राहिले, तर आपण घेतलेल्या प्रतिज्ञांचे काय? अभ्यास कसा करावा हे सांगणारे वक्ते आपणांस पुष्कळ भेटतील. मी केवळ या भीतीविषयी बोलणार आहे.

मुलाची पहिली परीक्षा वर्गात होत नाही, प्रवेशाच्या अर्जावर होते. तेथे धर्माचा एक रकाना असतो व जातीचा दुसरा. या दोन रकान्यांपाशी आपल्या समाजाची लेखणी इतकी का अडखळते, हे समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू धर्म मानणाऱ्यासच अनुसूचित जातीचा मानले जाई. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे लाखो बांधवांनी बाबासाहेबांच्या हस्ते धम्मदीक्षा घेतली, आणि बौद्ध होताच केंद्र सरकारच्या सवलतींस ते मुकले. महाराष्ट्र राज्य १९६० साली स्थापन झाल्यावर राज्याने आपल्या सवलती नवबौद्धांस लागू केल्या, तथापि केंद्राचे दार बंदच राहिले. म्हणून कित्येक कुटुंबांनी घरात बुद्धवंदना आणि कागदावर 'हिंदू' अशी दुहेरी नोंद पत्करली. त्यांना मी दोष देणार नाही. मुलाचे शिक्षण की धर्माची नोंद, अशी निवड गरीब माणसापुढे टाकणारा कायदाच दोषी होता.

तो कायदा १९९० साली संसदेने दुरुस्त केला. तेव्हापासून अनुसूचित जातीची व्यक्ती हिंदू, शीख वा बौद्ध असली तरी तिचे हक्क सारखेच आहेत. या गोष्टीस तीन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी 'बौद्ध लिहिले की शिष्यवृत्ती जाते' ही समजूत वाड्यावस्त्यांतून अजून फिरत असते. ती खोटी आहे. धर्माच्या रकान्यात निःशंकपणे 'बौद्ध' लिहा.

याच्या उलट बाजूची चूक करणारे तरुणही आहेत, व त्यांचा हेतू उदात्त असतो. 'बौद्धाला जात नसते' असे म्हणून ते जातीचा रकाना कोरा ठेवतात किंवा तेथेही 'बौद्ध' असेच लिहितात. धम्मात जात नाही हे सत्यच आहे. पण केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत 'बौद्ध' नावाची कोणतीही जात नाही, आणि मूळ जातीची नोंद सिद्ध झाल्यावाचून केंद्राचे प्रमाणपत्र मिळत नाही. धर्माचा रकाना आपण काय स्वीकारले ते सांगतो. जातीचा रकाना समाजाने आपल्या आजोबा-पणजोबांवर काय लादले त्याची नोंद करतो. दुसरी नोंद केल्याने पहिली खोटी ठरत नाही. रुग्णाने वैद्यास आपला रोग सांगितला म्हणून तो रोगाचा उपासक होत नाही.

अर्जाहून अवघड प्रसंग वसतिगृहाच्या खोलीत येतो. तेथे पहिल्या आठवड्यातच आडनाव विचारले जाते. आडनावावरून अंदाज लागला नाही तर गाव विचारले जाते. तेवढ्याने भागले नाही तर गुणवत्ता यादीत कितवा क्रमांक होता, असा प्रश्न येतो. विचारणाऱ्यास काय जाणून घ्यावयाचे आहे हे दोघांनाही ठाऊक असते. अशा वेळी मुलाच्या मनात येते, दुसरेच काही सांगून मोकळे व्हावे.

हा मोह बाबासाहेबांच्याही वाट्यास आला होता. अमेरिकेतून व इंग्लंडहून विद्या संपादून १९१७ साली ते बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहण्यास जागा मिळेना. अखेर एका पारशी पथिकाश्रमात, पारशी नाव लावून, त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी लोक दारात उभे राहिले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला तो तरुण त्या दिवशी एका सार्वजनिक बागेत दुःखी मनाने बसून राहिला. ही हकीकत त्यांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. ज्या माणसाने उसन्या नावाचा आसरा किती कच्चा असतो हे असे अनुभवले, त्यानेच पुढे आपल्या लोकांस उघड्या मैदानात, दिवसाढवळ्या, नवे नाव दिले. विद्यार्थी मित्रहो, ते नाव खोलीच्या दाराबाहेर ठेवून आत जाऊ नका.

मात्र एक भेद ध्यानात ठेवा. खोटे न बोलणे निराळे आणि प्रत्येक चौकशीखोरास उत्तर देणे निराळे. पंचशीलातील चौथे शील असत्य वचनापासून दूर राहण्यास सांगते; आपल्या गुणपत्रिकेची तपासणी ज्याला त्याला करू देण्यास सांगत नाही. 'तो प्रश्न माझा व महाविद्यालयाचा आहे' असे शांतपणे म्हणता येते. पण कोणी 'तू कोणत्या धर्माचा?' असे सरळ विचारले, तर उत्तर एकाच शब्दाचे आहे.

गणेशोत्सव आला की वर्गणी, आरती, प्रसाद हे सारे ओघाने येते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्याने गणपतीची पूजा करावयाची नाही, हे ठरलेलेच आहे. ते सांगताना कपाळावर आठ्या आणण्याचे मात्र कारण नाही. ज्या सोबत्याबरोबर रोज जेवतो, त्याच्या श्रद्धेची टवाळी करून कोणी अधिक बौद्ध होत नाही. 'मी आरतीला येणार नाही, पण मंडप उतरविण्यास हात लावीन' असे म्हणणारा मुलगा मला आवडेल. मद्याच्या बाबतीत इतकी मवाळी नको. तेथे आग्रह मैत्रीच्या नावाने होतो आणि नकार पहिल्याच वेळी दिला तर सोपा जातो.

आता पालकांशी दोन शब्द. आपल्या घरात बुद्धमूर्तीच्या मागे जुने देव्हारे अजून झाकून ठेवलेले असतील, तर मुलाने वसतिगृहात निष्ठा दाखवावी ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची? जे घरात पाहिले नाही ते तो परगावी कोठून आणील?

आणि त्याच्या शंकांना भिऊ नका. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत काढलेल्या महाविद्यालयास 'सिद्धार्थ' हे नाव दिले. १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, सुरू केलेल्या महाविद्यालयास मिलिंदाचे नाव मिळाले व त्या परिसरास नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा. भिक्षू नागसेनास प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा. उत्तरे देणाऱ्याचे नाव वनास आणि प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयास, ही योजना मला फार अर्थपूर्ण वाटते. मुलगी सुट्टीत घरी येऊन पुनर्जन्माविषयी, कर्माविषयी अडचणीचे प्रश्न विचारू लागली तर तिला गप्प करू नका. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ तिच्यापुढे उघडा आणि तिच्याबरोबर वाचा. कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते की, परंपरेने आले अथवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काहीही मानू नये.

एक गोष्ट बोलण्यास जड जाते, तरी बोलली पाहिजे. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने १७ जानेवारी २०१६ रोजी आपले जीवन संपविले. त्याच वर्षी १४ एप्रिलला त्याच्या आईने व भावाने मुंबईत बौद्ध धम्म स्वीकारला. उच्च शिक्षणाच्या जागी भेदभाव होऊ नये म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ सालीच नियम केले होते. पण नियम आपोआप चालत नाहीत, तक्रार लिहावी लागते, आणि ती लिहिणाऱ्याच्या पाठीशी कोणी उभे राहावे लागते. ते कोणी म्हणजे प्रथम आपण. मुलाचा आवाज फोनवर पडलेला वाटला तर 'सहन कर, शिकून मोठा हो' एवढेच सांगून फोन ठेवू नका. पुढच्या गाडीने तेथे जा. त्याला सांगा की, एक वर्ष वाया गेले तरी घराचे दार उघडे आहे.

ज्यांना अर्ज किंवा जात-पडताळणीचे कागद दाखवून घ्यावयाचे आहेत, त्यांनी येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात थांबावे. शाळा सोडल्याचा दाखला आणावा. वडिलांच्या वा आजोबांच्या नावाचा, शक्यतो १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जातीची किंवा रहिवासाची नोंद असलेला कागद घरात असेल तर तोही आणावा. ज्यांची मुले अजून शाळेत आहेत, त्यांनीही दाखल्यावरील धर्माची नोंद तपासावी. शाळा सुटण्यापूर्वी दुरुस्ती करून घेणे पुष्कळ सोपे असते.

जयभीम.