दादाच्या पेटीतल्या तबकड्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी "चार शब्द बोला" म्हणून सांगितले, तेव्हा मी म्हटले, मला गाण्यातले काही कळत नाही. फार तर आमच्या दादाच्या पेटीविषयी सांगेन. त्या "चालेल" म्हणाल्या, म्हणून उभी राहिले आहे.

आमचा दादा मुंबईत डबे पोहोचवी. मुळशी-मावळातली किती माणसे या धंद्यात गेली, हे तुम्हांला सांगावयास नको. चैत्रात जत्रेला सगळे डबेवाले गावी येत, तसा तोही येई. एका वर्षी त्याने चावीचा फोनो आणला. आमच्या वाडीत तेव्हा वीज नव्हती. गंमत पाहा, आपल्या धरणाचे पाणी भिऱ्याला उतरते, तेथे वीज होते आणि ती मुंबईला जाते. १९२१ साली याच धरणासाठी सेनापती बापटांच्या मागे आपली माणसे सत्याग्रहाला उभी राहिली. आमची आजी पाण्याखाली गेलेल्या गावची. धरणाकडे बोट करून "तिकडं आमचं घर" म्हणे. आणि आम्ही कंदिलाच्या उजेडात! पण फोनोला विजेची गरज नव्हती. चावी भरली की झाले.

तबकड्या दादाला बहुधा फुकटच मिळत. तो १९७० नंतरचा काळ. लाँगप्ले आल्या होत्या, मागून कॅसेटी आल्या, आणि मुंबईच्या घराघरांतून जुन्या तबकड्या बाहेर निघू लागल्या. हा डबा घ्यावयास दारात गेला की घरची बाई म्हणे, "एवढ्या घेऊन जा हो, अडगळ झालीय." त्या तबकड्यांत लाख असे, बांगड्यांची असते तीच, म्हणून हातातून निसटली की ठिकऱ्या. एका बाजूला तीनसाडेतीन मिनिटांचे गाणे, आणि दर बाजूला नवी सुई. दादा वापरलेल्या सुया काड्यापेटीत वेगळ्या ठेवी.

अंगणात लागत ती बालगंधर्वांची पदे. सगळी वाडी जमे. पेटीच्या तळाशी आणखी तबकड्या होत्या, त्या कोणी काढीत नसे.

एका दुपारी त्याने त्यांतली एक लावली. बाईचा आवाज होता. मी माहेरी आले होते, सासरचे पाहुणेही बरोबर होते. हातातले पीठ तसेच ठेवून मी बाहेर आले आणि म्हणाले, "दादा, बंद कर ते. बाईजींची गाणी अंगणात लावतात होय? पाहुणे काय म्हणतील?" तो म्हणाला, "अगं बाय, ऐक तर खरं. तीन मिनिटांचं आहे." मी ऐकले नाही. पुढे होऊन मीच सुई उचलली, आणि तीही फरफटत. दादा काही बोलला नाही. पुन्हा माझ्यासमोर ती तबकडी त्याने कधी लावली नाही.

दोन वर्षांपूर्वी दादा गेला. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, पेटी तुम्ही न्या; नाहीतर पोरं भंगारात घालतील." आणली. पेटीत जाड पुठ्ठ्यांचे एक बुकही निघाले, पानांच्या जागी कागदी पिशव्या. यालाच पूर्वी आल्बम म्हणत. पिशव्यांवर रंगीत खुणा होत्या. मला उमगेनात. दादाचे एक सोबती आमच्या गावात असतात, त्यांनी पाहताच सांगितले, "या डब्यावरच्या खुणा आहेत. ही गिरगावातल्या घरची, ही दादरची." कोणत्या दारात काय मिळाले, ते दादाने असे लिहून ठेवले होते.

मग मी एकेक तबकडी वाजवू लागले. एक निघाली पुण्याच्या सुंदराबाई जाधवांची. या बाई १८८५ साली जन्मल्या, १९५५ साली गेल्या. १९३९ च्या 'माणूस' चित्रपटातली आई त्याच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तल्या पदांच्या चाली बालगंधर्वांना त्यांच्याकडून मिळाल्या. म्हणजे अंगणात आम्ही माना डोलवीत होतो त्या चाली ज्या बाईंच्या, त्याच पेटीच्या तळाशी! त्यांची तबकडी लावली असती, तर त्यांनाही मी बाईजीच म्हटले असते.

दुसरी होती मोगूबाई कुर्डीकरांची. मी बंद केली होती ती. किशोरी आमोणकरांच्या या आई. जन्म १९०४ चा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. लहानपणी आईने नाटक मंडळीत नेले, पुढे अल्लादियाखाँसाहेबांची तालीम मिळाली. १९७४ साली पद्मभूषण झाल्या, २००१ साली गेल्या. एवढ्या मोठ्या गायिकेच्या तबकड्या मात्र फार थोड्या निघाल्या. त्यांतली एक आमच्या घरी, आणि मी तिला अंगणातून उठवले होते.

नातवाने मोबाइलवर पाहून सांगितले, "आजी, यांचं कुर्डी गाव पण धरणात गेलं, साळावलीच्या." १९८० नंतरच्या दशकातली ती गोष्ट. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जोती वर येतात आणि गावची माणसे पाहावयास जातात. मला आजीचे बोट आठवले. दादाला हे ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे. विचारावयाचे राहिले.

ती तबकडी आता मी रोज नाही, पण आठवड्याला एकदा लावते. मध्यावर एका जागी टक् टक् वाजते. गाणे पुढे सरकते, पण ते टक् टक् माझ्या हातचे आहे.

तर भगिनींनो, दिवाळीच्या झाडलोटीत कोणाकडे माळ्यावर अशा तबकड्या निघाल्या, तर भंगारवाल्याला देऊ नका. स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. आडव्या रचू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. मुंबईत असे संग्राहक आहेत, १९९० पासून त्यांची संस्था आहे. पण आधी शनिवारी दुपारी माझ्याकडे घेऊन या. बाईचा आवाज असेल तर ती पहिली लावू. फोनोची स्प्रिंग अजून चांगली आहे, आणि दादाने ठेवलेल्या सुयांची एक कोरी डबी शिल्लक आहे.